महाजनांच्या कपाळावरची पट्टी

"उद्या येताना डोकं नुसत्या शाम्पूनं धुऊन या. तेलाचा थेंबसुद्धा लावू नका."

बोईसरमध्ये एका मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी अख्खी नोकरी काढली. हे वाक्य तिथे मी जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा घरच्यांना नावानं हाकही मारली नसेल. तरी माणसं तेल चोपडूनच यायची. डोक्याची तपासणी आहे म्हटल्यावर आई लेकराच्या केसांना ओंजळभर तेल लावून, भांग पाडून आणणार. मग मी तिला मोरीत नेऊन ते डोकं पुन्हा धुवायला लावणार. तेलावर आमची पेस्ट चिकटत नाही, पेस्ट चिकटली नाही तर वायर धरत नाही, आणि वायर धरली नाही तर पडद्यावर नुसता गोंधळ.

माझं काम ईईजी काढण्याचं. डोक्याला मोजपट्टी लावून खुणा करायच्या, तेवढीतेवढी कातडी घासून पुसायची आणि पेस्ट लावून छोट्या वाट्यांसारख्या चकत्या बसवायच्या. मेंदूत सतत बारीक वीज खेळत असते. ती कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर येईपर्यंत इतकी क्षीण होते, की तिला धरायला एवढा खटाटोप लागतो. ती पडद्यावर रेघांच्या रूपात दिसते. आकडी येणाऱ्या माणसाच्या रेघांत मध्येच टोकदार सुळके उठतात, ते डॉक्टर बघतात. एवढंच.

पण लोकांच्या मनात दोन भीती असायच्या. पहिली शॉकची. मनोरकडच्या गावांतून येणाऱ्या बाया वायरी बघूनच मागं सरायच्या. "ताय, करंट देनार काय?" मी सांगायची, आम्ही देत नाही, तुमच्याकडून येतो तो बघतो. दुसरी भीती जास्त खोल होती, आणि ती शिकलेल्यांनाही असायची. मनातलं सगळं दिसेल, ही. एकदा किनाऱ्याकडच्या एका मासे विकणाऱ्या बाईनं नवऱ्याला आणलं होतं. नवरा आडवा झाल्यावर तिनं मला दाराबाहेर बोलावून हळूच विचारलं, "याच्या डोक्यात कोन बसलीय ती दिसंल काय वो?" मी म्हटलं, नाही दिसत. तिचा चेहरा पडला. आत येऊन नवऱ्याकडे बघितलं तर त्याचा जीव भांड्यात पडलेला.

हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण आता निवृत्तीनंतर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न त्याच जातीचा आहे. आम्ही सालवडला राहतो. आमच्या इमारतीत कारखान्यांतली, बँकेतली माणसं आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांची मुलं परदेशी किंवा पुण्या-बंगळूरला. हल्ली कपाळावर बांधायची एक पट्टी मिळते. ध्यानाला बसताना ती बांधायची, मोबाईलशी जोडायची, की मन किती शांत झालं ते ती सांगते. पट्टी चांगलीच महाग असते. "ताई, तुम्ही एवढी वर्षं हेच केलंत, सांगा, घेऊ का?" असं लग्नकार्यातही कोणीतरी गाठून विचारतं.

मी हो किंवा नाही म्हणत नाही. महाजनांची गोष्ट सांगते. त्यांनी ती लिहायला मला परवानगी दिली आहे, फक्त नावं बदलली आहेत.

महाजन मूळचे जळगावकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. मी निवृत्त होण्याआधीच्या हिवाळ्यात त्यांच्या पत्नी शैलाताई त्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. माणूस उंच, नीटनेटका, शर्टाला कडक इस्त्री. प्रश्नांना अगदी मुद्देसूद उत्तरं देत होते. शैलाताई म्हणाल्या, "डॉक्टर, हे मध्येच हरवतात. ताटावर बसलेले असतात, घास हातात असतो आणि नजर कुठेतरी लागते. हाक मारली तरी ऐकू जात नाही. मग दचकून भानावर येतात. ही आकडीच का?"

तशी आकडी असते. अंग झटके देत नाही, माणूस नुसता थांबतो. म्हणून डॉक्टरांनी ईईजी सांगितला. मग त्यांनी विचारलं, झोप कशी आहे, काही औषधं चालू आहेत का?

"होती," महाजन म्हणाले. "कारखान्यात एक अपघात झाला, त्यानंतर झोपेची आणि मनाची औषधं दिली होती. पण मी बंद केली. आता गरज नाही. माझ्याकडे पुरावा आहे."

त्यांनी बॅगेतून एक देखणी पेटी काढली. आत मखमलीवर ती पट्टी. मुलानं, रोहननं, पाठवली होती. तो बंगळूरला संगणकाच्या नोकरीत. महाजनांनी मोबाईल उघडून दाखवला. एकेका दिवसासमोर हिरवं वर्तुळ. "रोज पहाटे बसतो. एकही दिवस चुकवला नाही. सुरुवातीला पिवळं यायचं, आता कायम हिरवं. मन शांत आहे, हे मी म्हणत नाही, यंत्र म्हणतंय."

शैलाताई खाली बघत होत्या.

डॉक्टर स्वभावानं सौम्य. ते पट्टीला नावं ठेवणार नव्हते. म्हणाले, "उत्तम आहे. आधी आमची नेहमीची तपासणी करू. ती झाली की तुम्ही ही पट्टी बांधून ध्यानाला बसा. दोन्ही यंत्रं शेजारीशेजारी काय म्हणतात ते मलाही बघायचंय."

महाजनांना ते मनापासून आवडलं. ते दुसऱ्या दिवशी आले ते डोकं स्वच्छ धुऊन. तेलाचा वाससुद्धा नाही. असा शिस्तीचा पेशंट मला क्वचितच मिळाला असेल.

नेहमीची तपासणी झाली. डोळे उघडा, मिटा, जोरजोरात श्वास घ्या, मग डोळ्यांसमोर लखलखणारा दिवा. रेघा अगदी स्वच्छ होत्या. निदान सांगणं माझं काम नाही, पण एवढ्या वर्षांनी सुळका दिसतो तेव्हा दिसतो. इथे एकही नव्हता.

मग मी कपाळावरच्या चकत्या काढल्या, मागच्या आणि कानांवरच्या राहू दिल्या, आणि त्यांनी पट्टी बांधली. मोबाईल शैलाताईंच्या हातात. महाजन पलंगावर आडवे झाले, कारण एवढ्या वायरींसकट मांडी घालणं जमत नव्हतं. मी दिवा मंद केला. डोळे मिटल्याबरोबर पडद्यावर डोक्याच्या मागच्या भागातल्या रेघा एका लयीत डुलायला लागल्या. यात नवल काही नाही. बहुतेक माणसांनी स्वस्थ पडून डोळे मिटले की हेच होतं. पण महाजनांची लय फार सुरेख होती. सवयीचा माणूस आहे, हे दिसत होतं.

"हिरवं आलं," शैलाताई कुजबुजल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता लिहून आलंय, अतिशय शांत."

तेवढ्यात उजव्या कानाची रेघ हेलकावे खायला लागली. वर जायची, खाली यायची. मला वाटलं चकती सुटली. असं होतं, घामानं पेस्ट पातळ होते. मी पाय न वाजवता पलंगाजवळ गेले आणि कानाला हात लावला. तो ओला होता. घाम नव्हता. महाजनांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कानशिलावरून कानात, कानातून उशीवर. चेहरा तसाच. एक स्नायू हलत नव्हता. कपाळावर आठी नाही, ओठ थरथरत नाहीत. जसा पुतळा रडावा.

शैलाताई मोबाईलकडे बघत होत्या. "किती छान येतंय बघा ना," त्या म्हणाल्या. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी हलकेच हाक मारली. महाजनांनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं ते, "किती आलं?"

"महाजन," डॉक्टर स्टूल ओढून बसले, "आत्ता तुम्ही काय बघत होतात?"

मी टिशू पुढे केला तेव्हा त्यांना चेहरा ओला असल्याचं कळलं असावं. मग ते छताकडे बघत बोलायला लागले, रिपोर्ट द्यावा तसं. कारखान्यात एका टाकीजवळ वाफा साठल्या होत्या, भडका झाला. सुरेश वरठा नावाचा मासवणचा तरुण कामगार त्यात सापडला. महाजन त्या वेळी दुसऱ्या बाजूला होते. चौकशी झाली, त्यात महाजनांचा काही दोष निघाला नाही. सुरेशला मोठ्या इस्पितळात हलवताना ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्यासोबत तेच बसले होते. तो वाचला नाही.

"डोळे मिटले की मी तिथंच असतो," ते म्हणाले. "ॲम्ब्युलन्समध्ये. पहिल्यांदा मी घाबरून उठायचो, तेव्हा पट्टी पिवळी व्हायची. मग मला जमायला लागलं. आत काहीही चालू असलं तरी हलायचं नाही, कपाळ सैल ठेवायचं, श्वास मोजून घ्यायचा. मग ती हिरवी राहते."

"पण कशासाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर शैलाताईंनी दिलं. "रोहनच्या मोबाईलवर पण दिसतं ना ते. तो रोज सकाळी बघतो. हिरवं असलं की बाबा ठीक आहेत म्हणून निश्चिंत कामाला जातो. पिवळं आलं की फोनवर फोन करतो, रजा काढून येतो म्हणतो. यांना ते नको असतं. आणि खरं सांगू, हिरवं दिसलं की मलाही बरं वाटायचं."

मला त्या वेळी रोहनचा राग आला नाही. दूर राहणाऱ्या मुलानं बापाच्या काळजीपोटी जे सुचलं ते केलं. बापानं मुलाच्या काळजीपोटी जे जमलं ते केलं. मध्ये ती पट्टी होती, आणि तिला कपाळाच्या कातडीपर्यंत जे पोचतं तेवढंच कळत होतं.

इथे पट्टीबद्दल दोन शब्द सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाईनं यंत्राला उगाच बदनाम केलं. त्या दुपारी महाजनांनीच आग्रह केला म्हणून मी ती बांधून बघितली. डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले आणि गॅसचा सिलिंडर आज येतो का उद्या, भाजीला काय करायचं, धाकटीच्या सासूला फोन करायचा राहिलाय, याचा सगळा विचार करून घेतला. वर्तुळ हिरवं. डॉक्टरांनी बांधली आणि गंमत म्हणून दात आवळले, तर लगेच पिवळं. जबड्याचे स्नायू मेंदूपेक्षा कितीतरी मोठ्यानं बोलतात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. डुलकी लागली तरी वर्तुळ हिरवं येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. महाजन हे सगळं बघत होते. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "पण ताई, हिच्यामुळे मी रोज बसलो. त्याआधी मी पहाटे उठून रस्त्यानं नुसता फिरत सुटायचो. हिला माझ्या मनातलं कळत नव्हतं, पण हिनं मला एका जागी ठेवलं." ते खरं होतं. शैलाताईंनीही मान डोलावली.

डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं. "तुमच्या मेंदूत आकडी नाही. तुम्हाला त्रास आहे, आणि तो खरा आहे. औषध परत सुरू करायचं, मी पालघरच्या मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी देतो, त्यांच्याकडे नियमानं जायचं. ध्यान करायचं असेल तर करा, पण त्यांना विचारून. कधीकधी डोळे मिटून एकटं बसणं अशा माणसाला सोसत नाही. आणि मुलाला खरं सांगा."

रोहनला त्याच संध्याकाळी सांगितलं गेलं. तो शनिवारी येऊन थडकला. शैलाताईंनी मला नंतर सांगितलं, की बापलेक गॅलरीत बसून शेंगा फोडत होते, आणि ते बघून त्यांना पहिल्यांदा झोप लागली.

मला वाटलं, आपलं काम संपलं. पेशंट येतो, वायरी लागतात, सुटतात, माणूस डोक्यातली पेस्ट पुसत निघून जातो. पुढे काय झालं ते आम्हाला बहुतेक कधी कळत नाही. एवढ्या माणसांची डोकी हातात घेतली आणि त्यांतल्या कितीकांची गोष्ट मला अर्धीच ठाऊक, ही माझ्या नोकरीची खंत आहे.

पण उन्हाळ्यात, शेतांत राब भाजायच्या दिवसांत, महाजन पुन्हा आले. या वेळी एकटे, आणि डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे.

"ताई, तुम्ही मासवणला तपासणी शिबिराला जाता ना? तिथली माणसं तुम्हाला ओळखतात."

"जाते. का?"

"मला सुरेशच्या घरी जायचंय. एकट्यानं धीर होत नाही. पालघरच्या मानसोपचाराच्या मॅडमशी बोललोय, त्या म्हणाल्या, तयारी असेल तर जा, पण कुणाला तरी सोबत घ्या."

"इतक्या दिवसांत गेला नाहीत?"

"कंपनीची माणसं गेली होती. मी नाही गेलो." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "त्यानं ॲम्ब्युलन्समध्ये मला काहीतरी सांगितलं होतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. शैलालासुद्धा नाही."

काय ते मी विचारलं नाही. येत्या रविवारी जाऊ म्हटलं.

पालघरहून मनोरच्या रस्त्यानं रिक्षा केली. शैलाताई, मी आणि मध्ये महाजन. वाटेत ते एकदाच बोलले. रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, जरा आराम से चलाओ." रिक्षा काही वेगात नव्हती.

वरठ्यांचं घर गावाच्या कडेला, पाड्यावर. सुरेशची आई जानकीबाई घरामागच्या खाचरात होती. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून जाळतात, तो राब. ती त्याची तयारी करत होती. मला बघून हातातली पाटी खाली ठेवली. "मॅडम, आज शिबीर हाय काय?"

"शिबीर नाही, जानकीबाई. हे महाजन साहेब. सुरेशच्या कंपनीतले."

तिचा चेहरा बंद झाला. कंपनीची माणसं म्हणजे कागद आणि अंगठे, हे तिला माहीत होतं. "आता काय रायलं?" ती म्हणाली.

महाजन पुढे झाले. त्यांनी बूट काढले होते, का ते मला कळलं नाही. "सुरेशला नेलं तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये मी होतो," ते म्हणाले.

जानकीबाईनं हात पदराला पुसले. तिचा आवाज एकदम उतरला. "तुमी व्हते? त्याच्या संगं?"

"हो. शेवटपर्यंत."

"तो बोलला काय?" आणि मग उत्तराची वाट न बघता, "मी समद्यांना विचारलं. ते पोलिसाला विचारलं, दवाखान्यात विचारलं. कोनी सांगेना. बोलला काय तो?"

मी शैलाताईंचा हात धरला होता की त्यांनी माझा, आठवत नाही.

"बोलला," महाजन म्हणाले. "मी त्याला म्हटलं, तुझ्या आईला बोलावणं पाठवतो. तर तो म्हणाला, आयेला आता नको सांगू, सायेब. आवणी चाललीय. ती घाबरंल. सांजच्याला सांगा." ते तसेच पुढे सांगत राहिले. "मी त्याचं ऐकलं. ऑफिसातून फोन आला होता, मासवणला माणूस पाठवू का म्हणून. मी म्हटलं, संध्याकाळी पाठवा. मला वाटलं तो जगेल. दुपारीच तो गेला. तुम्ही त्याला जिवंतपणी बघू शकला नाहीत, ते माझ्यामुळं."

हे होतं तर. रोज पहाटे, हिरव्या वर्तुळाच्या आत.

जानकीबाई खाली बसली, तशीच पाल्यावर. आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या चार दिवसांत घरातलं माणूस न् माणूस चिखलात असतं, एक दिवस चुकला तरी रोपं हातची जातात. पोराला तेच आठवलं होतं.

मग ती म्हणाली, "आवनी रायली असती तर रायली असती. मी आली असती."

"हो," महाजन म्हणाले.

"धावत आली असती मी."

"हो."

"आन् तुमी इतके दिस घेऊन बसले हे? माज्या पोराचं बोलनं तुमच्यापाशी ठेवलं?" आता ती चिडली होती. "मला वाटं, तो काय बोललाच नाय. मला वाटं, त्याला आमची याद बी आली नाय मरताना. इतके दिस!"

महाजनांनी मान खाली घातली नाही. तिच्याकडे बघत उभे राहिले. दवाखान्यात मी बघितलेला पुतळ्याचा चेहरा आता राहिला नव्हता. ओठ थरथरत होते, कपाळावर आठ्यांचं जाळं, नाक लाल. डोक्याला वायरी लावल्या असत्या तर पडद्यावर नुसता गोंधळ उमटला असता.

जानकीबाई उठली आणि घराकडे वळून हाक मारली. सुरेशची बायको, मनीषा, बाहेर आली. कडेवर लहान मूल. "हिला सांगा," जानकीबाई म्हणाली. "मला सांगलं तसंच सांगा. त्याच्या बोलन्यात सांगा."

महाजनांनी पुन्हा सांगितलं. आयेला आता नको सांगू, सायेब. मनीषानं ऐकून घेतलं आणि मुलाच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. शेजारची एक म्हातारी आली, ती त्या दिवशी जानकीबाईच्या शेजारी रोपं लावत होती. तिलाही सांगायला लावलं. प्रत्येक वेळी महाजन ते पहिल्यापासून सांगत होते, काही गाळत नव्हते. म्हातारीला सांगताना जानकीबाई मोठ्यानं रडली. तोवर रडली नव्हती.

निघताना मनीषानं एवढंच विचारलं, "पानी मागलं काय त्यांनी?"

"मागितलं. मी ओठ ओले केले."

तिनं मान हलवली आणि आत गेली. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. रस्त्यापर्यंत पोचवायला कोणी आलं नाही.

परतीच्या वाटेवर मला भीती वाटत होती की या माणसाला आता आणखी त्रास होईल. झालाही. पुढचे काही आठवडे वाईट गेले, असं शैलाताई सांगत. रोहन येऊनजाऊन होता, पालघरच्या मॅडमकडे फेऱ्या चालू होत्या. मग हळूहळू ताटावर हरवणं कमी झालं. पूर्ण गेलं नाही. पहाटे ते अजून बसतात, पट्टीशिवाय. मी एकदा विचारलं, आता कसं होतं ध्यान? ते म्हणाले, "कधी होतं, कधी नाही. कधी रडतो, तर रडून घेतो. किती चांगलं झालं ते मला कळत नाही. पण आता कुणाला दाखवायचं नसतं."

तर मला पट्टीविषयी विचारणाऱ्यांना मी हे सगळं सांगते आणि एवढंच जोडते: पैसे तुमचे आहेत. बसायची सवय लागायला काहीतरी हवं असेल, तर ती लावेल. मजा म्हणून बघायचं असेल, तर बघा. पण माझ्याकडचं मोठं मशीन, तेवढ्या वायरींचं, तेसुद्धा मला महाजनांबद्दल एकच गोष्ट सांगू शकलं होतं, की आकडी नाही. बाकीचं माणसाला माणसानंच विचारावं लागलं.

मी निवृत्त झाले त्या पावसाळ्यात शैलाताईंचा फोन आला. जानकीबाईनं निरोप धाडला होता, आवणीला माणसं कमी आहेत, सायबाला यायचं असेल तर येऊ द्या. आम्ही तिघं गेलो. महाजन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर उभे राहिले. केळी आणि कापसाच्या मुलुखातला माणूस, भाताच्या चिखलात कधी उतरला नव्हता. पहिल्याच पावलाला पाय रुतला, तोल गेला, मनीषा तोंडाला पदर लावून हसली. जानकीबाई हसली नाही. तिनं रोपांची एक जुडी त्यांच्या हातात दिली आणि बांधाच्या पलीकडच्या, तळाच्या लहान खाचराकडे चालायला लागली. ते मागोमाग गेले, अडखळत.

तिथं पोचल्यावर ती थांबली. पाऊस बारीक पडत होता.

"त्या दिशी मी हितं व्हती," ती म्हणाली. "याच खाचरात. तुमी हितं लावा."

आणि ती त्यांच्या शेजारी वाकली.